नळावरची बारा मिनिटं

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुमचा गोंधळ व्हायला नको. तुमच्या सहीचा कागद माझ्यासमोर आहे. वर ‘कारण बताओ’, खाली माझा टोकन नंबर एकशे सतरा, आणि मधे तुमचं ते वाक्य — ‘दिनांक ११ दिसंबर को पाली छूटने के बाद नल पर बारह मिनट तक एक पुरुष कर्मचारी के साथ श्रृंगार करती पाई गईं.’

सोबत एक टाइप केलेला माफीनामा. ‘मुझसे भूल हुई.’ त्याखाली सहीपुरती जागा. सही केली तर नोकरी राहते, नाही केली तर गुरुवारी माझं नाव कटतं. नंदा, माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, म्हणते, “कर ना सही. तीन शब्दांची तर भूल आहे.”

त्या तीन शब्दांखाली माझ्या हातून सही होत नाही, साहेब. कालपासून पेन घेऊन बसते आणि उठते. तेव्हा तुम्ही विचारलेलं कारणच लिहून देते. मधे शिट्टी वाजवू नका. मराठीत लिहिते आहे, कारण खोटं तुम्ही हिंदीत लिहिलंत आणि खरं मला माझ्या घरच्या भाषेतच सांगता येतं. शाळा माझी हिंदीची, म्हणून चुका असतील. त्या दुरुस्त करा, मजकूर बदलू नका. तुमच्या हेडक्लार्क बडे बाबूंच्या बायको नागपूरच्या आहेत, त्या वाचून दाखवतील. वाचताना त्या कुठे थांबल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, तर थांबू द्या. त्यांना घाई करू नका.

गोष्ट श्रावणात सुरू होते.

पहिली पाळी सुटली की आम्हाला कारखान्याच्या रांझीहून घराकडे, घमापूरकडे जाणारी बस मिळते. आम्ही म्हणजे भरणी खात्यातल्या बाया. तोफगोळ्यात जी पिवळी पूड भरतात ती आमच्या हातांनी भरली जाते, आणि गोळ्यात न मावलेली सगळी आमच्यावर बसते. नखांत, भुवयांत, कानाच्या पाळीमागे, थुंकीतसुद्धा. आम्ही बसमध्ये चढलो की लोक सरकून जागा देतात. मान म्हणून नव्हे, रंग लागू नये म्हणून. “हल्दीवाली आ गईं,” कंडक्टर ओरडतो, आणि अख्खी बस खिडकीबाहेर पाहू लागते.

त्या दिवशी एक जण खिडकीबाहेर पाहत नव्हता. मला बघून तो ताडकन उठला, इतक्या घाईनं की डोकं वरच्या दांड्यावर आपटलं.

“बसा बसा, वहिनी,” तो डोकं चोळत म्हणाला.

मी मागे वळून पाहिलं. मागे नंदाच होती.

“मला म्हणताय?”

“तुम्हालाच. हळदीच्या अंगानं बाहेर काहून निघाल्या? नजर लागते अशानं. अन् एकट्या? घरचं कोणी नाही सोबत?”

नंदानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. मला मात्र हसू आलं नाही, राग आला. दोन वर्षं लोकांचे टोमणे ऐकले होते, हा नवा प्रकार होता.

“श्रावणात कोणाची हळद असते हो?” मी म्हटलं. “तुमच्याकडे देव झोपले की लग्नं लावतात वाटतं — गुपचूप?”

त्याचा चेहरा असा झाला की काय सांगू. आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग नंदाच्या मानेकडे. मग दाराशी उभ्या असलेल्या आमच्या तिघींकडे. ओठ हलवत मोजत होता.

“एकाच बसमध्ये... पाच नवऱ्या?”

“चाळीस,” नंदा म्हणाली. “बाकीच्या मागच्या बसनं येऊन राहिल्या.”

आता सगळी बस हसली. तो हसला नाही. त्याच्या शर्टाच्या खिशात सुताराची चपटी पेन्सिल होती आणि केसांत भुसा. पेट्यांच्या खात्यातला होता, नागपूरहून येऊन तीनच आठवडे झालेला.

“म्हणजे...” तो हळू आवाजात म्हणाला, “मी ज्या पेट्या बनवून राहिलो, त्यात जे गोळे जातात...”

“तेच. पेटीत जातं ते जातं, उरतं ते आमच्याकडे राहतं.”

इथवर कळलं की लोक मान फिरवतात. यानं फिरवली नाही. पूर आलेली नर्मदा पुलावरून बघावी ना, तसा तो बघत राहिला. बाहेर पाऊस पडत होता, खिडकीला काच नव्हती, त्याची उजवी बाही भिजून दंडाला चिकटली होती, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

“दुखतं का?” त्यानं विचारलं.

दोन वर्षांत हे मला पहिल्यांदा कोणी विचारलं, साहेब. घरी कोणी नाही, डॉक्टरनं नाही, तुम्ही तर नाहीच. आई म्हणायची, “पोरी, तोंडाला स्नो लाव, पावडर लाव.” दर रविवारी मला बघायला कोणी ना कोणी यायचं, आणि दर रविवारी आई माझ्या पिवळ्यावर पांढरं थापायची. महाराजपूरच्या एका होऊ घातलेल्या सासूबाईंनी तर नाकाला पदर लावून विचारलं होतं, “कावीळ उतरली नाही वाटतं अजून?” कोणी रंग झाकायला सांगितला, कोणी रंगाचं नाव विचारलं. दुखतं का, हे कोणी विचारलं नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. मग म्हटलं, “हो. हिवाळ्यात.”

घमापूर आलं, मी उतरले. बस सुटताना तो खिडकीतून अर्धा बाहेर वाकून ओरडला, “वहिनी नाही म्हणणार! चुकलं! नाव काय म्हणायचं?”

उत्तर मी दिलं नाही. नंदानं दिलं. नंदाला ना, एक दिवस सोडणार नाही मी.

*

गणपतीत आमच्या मंडळाचं नाटक असतं. रविवारी दुपारचा प्रयोग, बाया आणि लेकरांसाठी. यंदा माळिणीचं काम करणारी शैलजा तापानं पडली आणि नंदानं माझं नाव पुढे केलं. नाही म्हणायला गेले आणि थबकले. नाटक म्हणजे रंग. तोंडावर जाड रंग चढेल, दोन तास मी गुलाबी दिसेन. कोणालाही दिसेन. मी हो म्हटलं.

पडद्यामागे गेले, तर आरशाशेजारी सफेदा आणि गुलाबी रंग खोबरेलात कालवत कोण बसलं होतं, ते तुम्हाला कळलंच असेल.

“अच्युत,” तो उभा राहून म्हणाला. या वेळी वर दांडा नव्हता. “त्या दिवशी माझं नाव सांगायचं राहिलं.”

“सुतार ना तुम्ही?”

“लाकडाला पॉलिश करतो, माणसांना रंग. हात तोच. फक्त माणसं बोलतात मधे मधे.”

“मी बोलणार नाही.”

“असं नका करू,” तो म्हणाला आणि लगेच रंग कालवायला लागला, जसं काही बोललाच नाही.

त्यानं मला रंगवलं. आरशात पाहिलं. दोन वर्षांपूर्वीची मी तिथे बसली होती, किंवा तिच्याहून बरी. माळिणीची चार वाक्यं मी कशी म्हटली ते आठवत नाही. पुढच्या रांगेत आई रडत होती, एवढं आठवतं.

प्रयोग संपला. बाकीच्या चेहरे धुवायला गेल्या. मी पदर ओढून दाराकडे निघाले.

“अहो, कुंदाबाई! रंग?”

“राहू द्या. असाच घरी नेते.”

“रात्रभर राहिला तर कातडं फाटेल. सफेदा आहे तो, चांगला नाही. बसा.”

“बाजारात रंग उतरवायचं क्रीम मिळतं म्हणे, काचेच्या बरणीत. ते आहे का?”

“ती बरणी बघितली मी बड्या फुहाऱ्याच्या बाजारात. किंमत बघितली अन् नमस्कार करून परत आलो.” त्यानं पाटावर एक वाटी ठेवली. “हे तिळाचं तेल. हे बेसन. हे जुन्या धोतराचे तुकडे, आईनं तीन पाण्यांत उकळून दिलेले. हे ताक. यातलं काही उरलं तर मी घरी नेऊन कढी करतो.”

मला हसू आलं. हसल्यावर रंगाला भेगा पडल्या, तशी बसले.

“मला उतरवायचा नाही,” मी म्हटलं. खरं ते सांगून टाकलं. “खाली काय आहे तुम्हाला माहीत आहे.”

“नाही माहीत,” अच्युत म्हणाला. “म्हणूनच तर...”

त्यानं वाटी पुढे ओढली. बोटांवर तेल घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. विचारत होता. मी मान हलवली, जेमतेम.

साहेब, हे तुम्हाला कसं सांगू. त्याच्या बोटांना पॉलिशचे घट्टे आहेत, खरखरीत. त्या बोटांचा माझ्या कपाळावर भार म्हणून पडत नव्हता. रंधा मारलेल्या फळीवरून सुतार शेवटचा हात फिरवतो, कुठे कुसळ राहिलं का बघायला, तसा तो हात होता. तेल कोमट होतं. रंग आधी सैल झाला, मग घसरला. धोतराच्या तुकड्यानं तो टिपायचा, घासायचा नाही. “घासायचं नाही,” तो पुटपुटायचा, “घासणाऱ्याला घाई असते.” मग बेसनाची चिमूट, ताकात भिजवून. मग गार पाणी. मी डोळे मिटून होते. गुलाबी गेलं, हे मला डोळे मिटूनही कळलं. आता पिवळं दिसत असेल. आता तो मान फिरवेल. मी वाट पाहत राहिले.

धोतराचा तुकडा हनुवटीशी येऊन थांबला.

“अरे,” तो म्हणाला. अगदी हळू. “इथे तीळ आहे.”

“कुठे?”

“हनुवटीच्या डावीकडे. खाली.”

मी डोळे उघडले, आरसा ओढला. होता. लहानपणापासूनचा माझा तीळ. पिवळ्यानं आणि स्नोनं असा बुजला होता की मीच विसरून गेले होते, मला तीळ आहे म्हणून. मी बघत राहिले. स्वतःच्या तोंडाकडे असं कोणी बघतं का? चोरीला गेलेलं भांडं शेजारच्या घरात सापडावं तसं मी त्या तिळाकडे बघत होते.

“तिळाच्या तेलानं तीळ सापडला,” अच्युत म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर कानापर्यंत लाल झाला.

“आणि पिवळं?”

“आहे ना. ते काय एका दिवसात जातं? पण कुंदा म्हणजे तर पांढरं फूल असतं. हे पिवळं कुठलं, म्हणून मी नागपूरपासून...”

“नागपूरपासून तुम्हाला माझं नाव माहीत होतं का?”

“नाही,” तो म्हणाला. “पण आता वाटतं, असायला हवं होतं.”

आईनं बाहेरून हाक मारली. मी उठले. दारात मागे वळून पाहिलं, तर अच्युत तो तेलकट, गुलाबी-पिवळा तुकडा हातात धरून तसाच उभा होता.

*

आता नळाकडे येते, साहेब. तुम्हाला घाई असेल.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर मी कारखान्यातल्या नळावर तेच केलं. आधी तेल चोळलं. संध्याकाळी गाल भाजल्यासारखा झाला. मंगळवारी अच्युतनं तो बसमध्ये पाहिला आणि त्याचा चेहरा माझ्याहून वाईट झाला. एक शब्द न बोलता मधेच उतरून गेला. मी म्हटलं, गेला. यांच्या सगळ्यांचं असंच.

बुधवारी तो नळाशी उभा होता, हातात एक फळी घेऊन.

“चुकलं,” तो म्हणाला. “माझं दुसरं चुकलं. सदर बाजारात म्हातारे कंपाउंडर आहेत बाबाराव, त्यांच्याकडे गेलो होतो. शिव्या खाऊन आलो. रंगाला आधी तेल चालतं. तुमच्या पुडीला आधी तेल दिलं तर तेच तिला कातड्याच्या आत घेऊन जातं. सगळं उलटं करायचं.”

फळीवर त्यानं सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, ठसठशीत —

आधी कोरडं बेसन, लावून झटकणे.
मग गार पाणी, भरपूर. गरम नाही.
मग साबण.
तेल शेवटी, कोरड्या अंगावर, थेंबभर.
घासणे नाही. घाई नाही.

ती फळी त्यानं नळावर ठोकली, खाली बेसनाच्या डब्यांसाठी एक लांब कप्पा केला. आम्ही चाळीस जणींनी घरून पुड्या आणल्या. कोणी बेसन, कोणी मसुरीचं पीठ, ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांनी चाळलेला कोंडा. तुमच्याकडून फक्त गार पाणी लागत होतं आणि पंधरा मिनिटं. तेव्हा ती मिळत होती.

तुम्ही कधी आला नाहीत नळावर. यायला हवं होतं. कार्तिकातलं दुपारचं ऊन, चाळीस बाया रांगेत, आधी सगळ्या एकाच रंगाच्या, एकाच साच्यातल्या. मग पीठ उडायचं, पाणी पडायचं, आणि एकेक चेहरा बाहेर यायचा. इंदूच्या कपाळावर देवीचे वण आहेत, ते मला दोन वर्षांत माहीत नव्हतं. नंदाला गालावर खळी पडते. आम्ही एकमेकींकडे बघून गप्प व्हायचो, मग एकदम हसायचो. पिवळं पूर्ण जात नाही, खोटं कशाला सांगू. पण माणूस दिसतो त्याखालचा. मला तर देवळात उभं राहिल्यासारखं व्हायचं.

ती फळी आता तुमच्या टेबलावर आहे, पुरावा म्हणून. गेटवरचे नथ्थू जमादार म्हणाले, त्यांना ते मराठीतलं प्रेमपत्र वाटलं म्हणून काढून नेली. जमादार मराठी शिकलेले नाहीत, तरी बरोबर वाचलं त्यांनी.

*

या महिन्याच्या तीन तारखेला लढाई सुरू झाली. खिडक्यांना काळे कागद लागले, पाळ्या लांबल्या. आम्ही तक्रार केली नाही. माझा भाऊ मोहन तिकडे सीमेवर आहे, मी भरते तो गोळा त्याच्या तोफेत जात असेल असं समजून मी भरते. पण चौथ्या दिवशी तुम्ही नळाची पंधरा मिनिटं पाच केलीत. चाळीस जणी, दोन तोट्या, पाच मिनिटं. भागाकार तुम्हीच करा.

अकरा तारखेला शनिवारी कप्प्याचा खिळा निघाला होता म्हणून अच्युत ठोकायला आला. पाच मिनिटांत मला तोटी मिळालीच नाही. बाकीच्या गेल्या. मी थांबले. थांबले हे कबूल. तोंड न धुता घरी जायचं नाही, हे मी त्या तिळाशी ठरवलं आहे.

मी बेसन लावून झटकलं. अच्युत हातोडी खाली ठेवून बघत होता.

“काय बघताय? खिळा ठोका.”

“ठोकून राहिलो.”

“हातोडी खाली आहे.”

“अच्छा,” तो म्हणाला. उचलली नाही. “कुंदाबाई, एक विचारू? पहिल्या दिवशी मी हळद म्हणालो होतो...”

“विसरले मी ते.”

“मी नाही विसरलो. रीत अशी आहे की आधी नवऱ्या मुलाला हळद लागते. त्याची उष्टी हळद मग मुलीकडे जाते.”

“मला रीत शिकवताय?”

“नाही. अडचण सांगतो. माझ्या बाबतीत उलटं झालंय.” तो हातातला खिळा फिरवत होता. “तुम्हाला आधीच लागलेली आहे. दोन वर्षं झाली. माझीच... राहिलीय. तर मी म्हणतो... तुमची उष्टी मला चालेल.”

आणि मला काही कळायच्या आत त्यानं एक बोट माझ्या गालाला लावलं — टेकवलं फक्त — आणि ते स्वतःच्या गालावर ओढलं. पिवळी रेघ उमटली. कानापासून ओठापर्यंत.

मला त्या क्षणी काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही, साहेब. ते तुमच्या कागदात मावायचं नाही. पाण्याचा आवाज थांबला असं वाटलं, आणि तोटी तर वाहत होती. हे विष आहे हे त्याला माहीत होतं. याच रंगापासून लोक बसमध्ये सरकतात. त्यानं तो मागून घेतला. बोटानं. गालावर.

मग मी भानावर आले आणि ओरडले.

“वेड लागलं का? पूड आहे ती! भाजेल! इकडे या, आधी इकडे या!”

मी त्याची मान धरून त्याला तोटीखाली वाकवलं. बेसन लावलं, झटकलं, पाणी मारलं. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. तो म्हणत होता, “घासणे नाही, घाई नाही—” आणि मी म्हणत होते, “गप्प बसा!” आणि दोघंही हसत होतो, आणि मी रडतही होते बहुतेक, तोंड ओलं होतं म्हणून कळलं नाही.

तेव्हा शिट्टी वाजली. नथ्थू जमादार. “ए बिटिया, बारह मिनट हो गए! ये क्या चल रहा है?”

अच्युतनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या ओठांवर होतं. तुमच्या शिट्टीनं ते तिथेच राहिलं. जमादारांनी त्याला एका गेटनं काढलं, मला दुसऱ्या.

रविवार कसा गेला विचारू नका. काल सोमवारी तुमचा कागद हातात पडला आणि मी तो घेऊन बसमध्ये चढले. तो होता. उभा होता. त्यालाही तुमचा कागद मिळाला होता, खिशातून डोकावत होता, पेन्सिलीशेजारी. माझ्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं त्याला. मान खाली, बावळट उभा. आणि गालावर, साहेब, कानापासून ओठापर्यंत, ती रेघ तशीच होती. फिकट, पण होती. दोन दिवस त्याच गालानं तो गावभर हिंडला होता.

लोक सरकले, मला जागा झाली. मी बसले नाही. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं —

“बसा बसा. हळदीच्या अंगानं बाहेर काहून निघालात? नजर लागते अशानं.”

त्यानं वर पाहिलं. बघता बघता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“घरचं कोणी नाही सोबत?” मी विचारलं.

“आहे ना,” तो म्हणाला. “आताच चढली.”

नंदा मागून म्हणाली, “चलो, एकाचं तरी जमलं. बाकी एकोणचाळीस राहिल्या.” कंडक्टरनं तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. आणि त्या बसमध्ये, देवाशपथ सांगते, एकानंही खिडकीबाहेर पाहिलं नाही.

तर हे कारण. माफीनामा कोराच परत पाठवते आहे. तुमचा शब्द मात्र मी ठेवून घेते. शृंगार. हिंदीत नटणं, मराठीत प्रीत. तो झाला, त्या बारा मिनिटांत झाला, आणि त्याची मला लाज नाही. खोटं एवढंच की तुम्ही लिहिलंत, मी रंग चढवत होते. मी उतरवत होते, साहेब. तुमचा कारखाना उतरवत होते तोंडावरून.

आमचं लग्न माघात आहे. आई कालपासून जात्याला हळकुंडं बांधायच्या गोष्टी करते आहे. त्या दिवशी मला खरी हळद लागेल, आणि ती लागली आहे हे माझ्याकडे बघून लोकांना कळायला हवं. आता लावली तर कळणार नाही. पिवळ्यावर पिवळं. तेव्हा माघापर्यंत मला रोज तोंड धुवायचं आहे, आणि माझ्या मागे एकोणचाळीस जणी उभ्या आहेत, त्यांचेही माघ यायचे आहेत.

तुम्ही मला कारण विचारलंत, मी दिलं. आता मी विचारते, आणि गुरुवारपर्यंतची मुदत मीही देते. ती फळी परत नळावर लावा. पंधरा मिनिटं परत द्या. देता की नाही? हो किंवा नाही, तुमच्या सहीनं, लेखी सांगा.

गुरुवारी दोन वाजता मी नळावर उभी आहे. पाणी येईल का?